चालू काट्यावर पायथन परत बसवता येते का? मशीन बंद करता येत नाही

काटेवाला:
राजेहो, मदत पाहिजे, लवकर. मारेगावकडे एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो. मशीनवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), काट्याचा प्रोग्राम पायथन भाषेतला, नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. डिस्क भरत आली म्हणून पुतण्याने रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन सफाई केली अन् सिस्टीमच्या यूएसआर-लिब फोल्डरमधलं 'पायथन ३.११' फोल्डर 'जुनं दिसते' म्हणून उडवलं. काटा मात्र अजून चालूच आहे! गाडी चढते, वजन येते, पावती निघते. दुसऱ्या टर्मिनलवर पायथन म्हटलं की लगेच उलथते. बाहेर कापसाच्या चाळीसेक गाड्या उभ्या आहेत.

निळा_पडदा:
जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट मार, होते सगळं बरोबर.

काटेवाला:
भाऊ, सीझनमध्ये काट्याले कुठली सुट्टी? अन् नंतर पायथन उठलंच नाही तर गाडीवाले मलेच काट्यावर चढवतील.

जुना_खुंट:
रीस्टार्ट बिलकुल नको. प्रोग्रामने लागणारे मॉड्यूल (पायथनचे तयार तुकडे) सुरू होतानाच मेमरीत घेतलेत, म्हणून तो जिवंत आहे. जे अजून घेतलं नाही ते आता मिळणार नाही, म्हणून रोजच्यापेक्षा वेगळं बटण दाबू नका. महिन्याचा रिपोर्ट तर नाहीच.

आधी पोस्टग्रेसचा डंप (सगळ्या नोंदींची प्रत) पेनड्राइव्हवर. मग जागा: लॉग सांभाळणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला व्हॅक्यूम-साइज देऊन जुने लॉग कमी करा. डीपीकेजी व्हेरिफाय (पॅकेजांच्या फाइली तपासणारी कमांड) चालवा, कोणत्या फाइली 'मिसिंग' ते समजेल. पॅकेज आणणाऱ्या एपीटी-गेट कमांडला रिइन्स्टॉल आणि डाउनलोड-ओन्ली सोबत देऊन डेब फाइली (डेबियनची पॅकेजं) फक्त उतरवून घ्या, अर्ध्यात नेट गेलं तरी नुकसान नाही. तीच आवृत्ती मिररवर (डेबियनच्या डाउनलोड सर्व्हरवर) नसेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट साइटवर जुनी मिळते.

आता खरी गोम. पायथनच्या पॅकेजांतल्या काही स्क्रिप्ट पायथनलाच हाक मारतात, आणि ते तर मेलंय. म्हणून डीपीकेजी-डेब कमांडच्या एक्स पर्यायाने डेब फाइली टेम्प फोल्डरमध्ये उलगडा, ते ३.११ फोल्डर उचलून जागेवर ठेवा. थेट सिस्टीमच्या मूळ फोल्डरवर उलगडू नका. पायथन बोलू लागलं की रीतसर रिइन्स्टॉल. नीडरीस्टार्ट (अपडेटनंतर काय रीस्टार्ट करायचं ते पाहणारा प्रोग्राम) असेल तर त्याला फक्त यादी दाखवण्यावर ठेवा, नाहीतर तो स्वतःच सर्व्हिस उठवत बसेल.

काटेवाला:
झालं दादा! लिबपायथनची मिनिमल आणि एसटीडीलिब, दोन्ही मोबाइलच्या नेटवरून उतरवली. नेट इथे चिंचेखाली उभं राहिलं तरच येते, म्हणून पुतण्यालेच तिथं उभं केलं. मधल्या वेळात सोळा गाड्या मोजल्या. व्हेरिफायमध्ये आता एकही मिसिंग नाही. प्रोग्राम मात्र रात्री रांग संपल्यावरच बंद करून पुन्हा लावला, उठला.

रूटचा पासवर्ड बदलला. पुतण्या विचारते, 'काका, मंग आता जागा कुठून काढू?'