लिओनेच्या आधी स्पेनमध्ये वेस्टर्न बनत होते; त्यांना ‘नकलेची नक्कल’ म्हणणं अन्याय आहे

माळरान:
युरोपातल्या वेस्टर्नचा, म्हणजे घोडे-बंदुकांच्या काउबॉयपटांचा विषय निघाला की गाडी थेट इटलीचा दिग्दर्शक सर्जिओ लिओनेवर जाऊन थांबते. परवा एका मित्राने एका वाक्यात निकाल लावला: इटलीने अमेरिकेची नक्कल केली आणि स्पेनने इटलीची. साठच्या दशकातले कमी पैशात काढलेले स्पॅनिश वेस्टर्न मी गेली काही वर्षं शोधून शोधून बघतोय, त्यामुळे ते वाक्य मनाला लागलं. म्हणून हा धागा.

आधी तारखा. लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ १९६४ चा. माद्रिदचा दिग्दर्शक होआकिन लुइस रोमेरो मार्चेंत १९५५ मध्येच ‘एल कोयोते’ करून मोकळा झाला होता, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो एकामागून एक वेस्टर्न करत होता. माद्रिदजवळच्या ओयो दे मान्सानारेस गावात त्याच सुमारास लाकडी वेस्टर्न गाव उभं राहिलं. लिओने शूटिंगला आला तो त्या आयत्या गावात. त्याच्या चित्रपटात स्पॅनिश निर्मात्यांचाही पैसा होता. मग कोणी कोणाची नक्कल केली?

आता रोमेरो मार्चेंतचा ‘एल साबोर दे ला वेंगान्सा’ घ्या, म्हणजे ‘सुडाची चव’. बापाचा खून होतो आणि आई तीन मुलांना सूड घ्यायचा म्हणूनच वाढवते. मुलं मोठी होतात, तिघांच्या वाटा फुटतात, कायदा की बंदूक यावर घरातच दुफळी पडते. हिंदी सिनेमाने सत्तरच्या दशकात आपल्याला जे दाखवलं त्याच्या दहाएक वर्षं आधीची ही गोष्ट. त्यानंतरचा ‘आंतेस येगा ला मुएर्ते’, म्हणजे ‘मरण आधी पोहोचतं’. गंभीर आजारी बाईला शस्त्रक्रियेसाठी दूरच्या गावी न्यायचंय, सोबत तिचा नवरा आहे आणि तुरुंगातून सुटून आलेला जुना प्रियकरही. लिओनेच्या चित्रपटांत इतकी घरगुती वेदना मला कुठे सापडली नाही. माझ्या मते ही स्वतंत्र परंपरा आहे आणि तिची वेगळी नोंद व्हायला हवी.

तिकीटखिडकी:
माळरान, तारखा मान्य. पण आधी आला म्हणून मोठा, हा न्याय मला पटत नाही. तुम्ही दोन चांगले चित्रपट उचलले. बाकीच्या ढिगाचं काय?

ते कारखान्याचं काम होतं, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. १९६४ च्या नव्या नियमांनी स्पॅनिश चित्रपटाला तिकीटविक्रीच्या १५ टक्के रक्कम सरकारकडून मिळू लागली. इटली किंवा जर्मनीशी सहनिर्मिती केली की खर्च वाटला जायचा आणि दोन-तीन देशांची बाजारपेठ हातात यायची. इटलीहून टेक्निस्कोप हे चित्रीकरणाचं तंत्र आलं होतं. त्यात एका चौकटीला चारऐवजी दोनच छिद्रांएवढी फिल्म लागते, म्हणजे निम्मी निगेटिव्ह वाचली. बार्सिलोनात इकिनोसारखे निर्माते याच गणितावर चित्रपट काढत होते. मी महिन्याभरात सहा बघितले. तोच कोरडा ओढा, तोच पाठलाग, घोडे डावीकडून गेले की पुढच्या दृश्यात उजवीकडून परत. आवाज सगळा नंतर भरलेला, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच पडतं.

आणि नावं! क्लाउदिओ उंदारी हा सिसिलीचा नट पडद्यावर रॉबर्ट हुंदार होतो. बार्सिलोनाचा फ्रान्सिस्को मार्तिनेस सेलेइरो जॉर्ज मार्टिन होतो. स्वतःचं नाव पाटीवर लावायची ज्यांना सोय नाही, त्यांच्या कामाला स्वतंत्र परंपरा कसं म्हणायचं? या चित्रपटांत स्पेन दिसतोच कुठे?

सदाफुली:
स्पेन कुठे दिसतो, याचं उत्तर मला सेन्सॉरच्या नियमांत सापडलं.

हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत १९६३ साली सेन्सॉरचे लेखी नियम आले. त्यात सूड आणि द्वंद्व यांचं समर्थन करायला बंदी होती. मात्र एखाद्या ठराविक काळातली, ठराविक ठिकाणची रीत म्हणून ते दाखवायला मोकळीक ठेवली होती. वेस्टर्नमध्ये दुसरं असतं काय? स्पेनमधलं यादवी युद्ध संपून जेमतेम पंचवीस वर्षं झालेली. भाऊ भावाविरुद्ध लढलेला, गावागावांत कोणी कोणाला मारलं ते सगळ्यांना ठाऊक, आणि त्यावर तोंड उघडायची सोय नाही. अशा देशात तीन भाऊ आणि बापाच्या खुनाचा हिशेब ही गोष्ट सांगायची तर ती टेक्ससमध्येच सांगावी लागणार. तिकीटखिडकी, ती परकी नावं बाजारासाठी होती हे खरंच. पण त्या परक्या नावांच्या आडोशाला जे बोलता आलं, ते स्पॅनिश नावांनी बोलता आलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

तिकीटखिडकी:
सदाफुली, हा नियम मला ठाऊक नव्हता. मुद्दा वजनदार आहे. तरी एक शंका राहतेच. हे अर्थ आपण आज मागे वळून चिकटवतोय का? इकिनोच्या एखाद्या चित्रपटात बँक लुटली जाते, सलूनमध्ये मारामारी होते, शेवटी दुष्ट मरतो. यादवी युद्ध शोधायला गेलं तर कुठेही सापडेल. रोमेरो मार्चेंतबद्दल तुमचं म्हणणं मान्य करतो. अख्ख्या ढिगाबद्दल नाही.

कंदील:
मी तीन वर्षं स्पेनमध्ये नोकरीनिमित्त होतो. दक्षिणेतल्या आल्मेरियाजवळच्या ताबेर्नासला, जिथे हे वेस्टर्न चित्रित व्हायचे, दोनदा गेलो, तिथलं सांगतो.

तिथे वर्षाला २५० मिलिमीटरच्या आत पाऊस. आमच्या माणदेशात वाढलेल्या माणसालाही ती जमीन कोरडी वाटते. राखाडी मातीच्या टेकड्या, मधून पाणी नसलेल्या ओढ्याची रुंद वाट, कडेला एस्पार्तो गवताचे ताठ झुबके. या गवताचे दोर आणि चपला करून तिथली माणसं पोट भरायची, नाहीतर गाव सोडून परदेशी जायची. जुन्या सेटवर सलूनच्या दारातून आत गेलो तर आत काहीच नाही. पुढची भिंत फळ्यांची, मागून तिरप्या वाशांचा टेकू, प्लास्टर सुटलेल्या जागी आतली जाळी दिसत होती. वारा आला की अख्खी भिंत करकरायची. पण त्याच परिसरातली चुन्याने रंगवलेली शेतघरं, ज्यांना तिथे कोर्तिहो म्हणतात, ती खरी आहेत. चित्रपटात तीच मेक्सिकन हवेली म्हणून यायची.

नीहारजवळचं कोर्तिहो देल फ्राइले तर मुद्दाम पाहण्यासारखं. १९२८ मध्ये त्या घरातली नवरी लग्नाच्या वेळी नात्यातल्या भावाबरोबर निघून गेली आणि वाटेत त्याला गोळी घातली गेली. स्पॅनिश कवी-नाटककार लोर्काने त्यावरून ‘बोदास दे सांग्रे’, म्हणजे ‘रक्ताचं लग्न’, हे नाटक लिहिलं. पुढे लिओनेने त्याच घरात चित्रीकरण केलं. तिकीटखिडकी, तुम्ही विचारलंत स्पेन कुठे दिसतो. बहुतेक वेळा तो पडद्यावर समोरच उभा असतो, फक्त पाटी मेक्सिकोची असते. घोड्यावरून पडणारी, गोळी खाऊन धुळीत लोळणारी माणसं जवळपासच्या गावांतली होती, त्यात तिथले हितानो, म्हणजे जिप्सी, बरेच. त्यांची नावं श्रेयनामावलीत नाहीत.

सदाफुली:
कंदील, फार छान लिहिलंत. पेपरस्टॉलवर मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या कादंबऱ्यांचाही उल्लेख हवा. मार्सिआल लाफुएंते एस्तेफानिया हा यादवी युद्धात हरलेल्या बाजूने लढला, नंतर तुरुंगात गेला, आणि मग त्याने अडीच हजारांवर वेस्टर्न लिहिले. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा जशा हातोहात फिरल्या, तशीच त्याची कादंबरीही वाचून झाली की बदलून दुसरी घ्यायची. म्हणजे थिएटरात बसलेल्या माणसाला टेक्सस आधीच घरचं होतं. ते इटलीहून आलं नाही.

तिकीटखिडकी:
अर्नाळकरांचं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं आहे! त्यांच्यावर माझं प्रेम आहे, लहानपण त्यांच्यावर गेलं. तरी हजारातली प्रत्येक कथा चांगली होती असं मी म्हणणार नाही. शिवाय निर्मात्यांनीच या कामाला किती किंमत दिली? बार्सिलोनाजवळ बाल्कासार बंधूंनी एस्प्लुगेस सिटी नावाचं अख्खं गाव उभारलं होतं. १९७२ च्या सुमारास ते त्यांनी स्वतःच, आपल्याच चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर स्फोटाने उडवलं.

माळरान:
तो स्फोट पाहिलाय मी. सलून, बँक, सगळा रस्ता एका दमात जातो, आणि मला तरी तो निष्काळजीपणा वाटला नाही. लाट ओसरली होती, गाव जाणारच होतं, तर निदान फिल्मवर तरी राहू दे असा तो निर्णय वाटतो. ढिगातलं बरंच टाकाऊ आहे, हे तुमचं मी मान्य करतो. इकिनोच्या चित्रपटांची बाजू मी घेणार नाही. माझी मागणी एवढीच की रोमेरो मार्चेंतचं नाव लिओनेच्या तळटीपेत नको. ‘मरण आधी पोहोचतं’ बघून या, मग पुन्हा भांडू.

तिकीटखिडकी:
चांगली प्रत कुठे मिळेल ते सांगा, या शनिवारी बघतो. मूळ स्पॅनिश आवाजाची हवी, इंग्रजी डबिंगची नको.