मदत हवी आहे: लिव्हअबोर्डवर जायचंय, पण तिघांतली एक पाण्याखाली उतरणारच नाही

जिरावण (इंदूर):

मंडळी, समुद्राचं नि आम्हा इंदूरकरांचं नातं मुंबईला गेलो की जुहूवर भेळ खाण्यापुरतं. पण अंदमानात हॅवलॉकला डाइव्हिंग शिकून आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आता मालदीवला लिव्हअबोर्ड करायचं मनात आहे. आठवडाभर मुक्काम बोटीवरच, दिवसाला तीन डाइव्ह आणि रोज नवी रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग.

मी अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स केलंय, नवरा ओपन वॉटर या पहिल्या कोर्सवरच आहे, म्हणजे त्याची हद्द १८ मीटर. बरोबर माझ्या वन्सं येणार. पोहतात झकास, पण पाठीवर टाकी घ्यायचं नाव काढलं की हात जोडतात. आठ दिवस त्या डेकवर बसून आमचे ओले वेटसूट वाळताना बघणार का, ही माझी पहिली काळजी.

दुसरी काळजी प्रवाहाची. तो जोरदार असतो म्हणून बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, ५० डाइव्ह मागतात. आमचे दोघांचे मिळूनही तेवढे होत नाहीत. एजंट म्हणतो, ‘मॅडम, चालून जाईल.’ हे ‘चालून जाईल’ ऐकलं की मला जास्तच धास्ती वाटते.

तिसरं म्हणजे नवऱ्याला बीपीची गोळी चालू आहे. आमचे डॉक्टर भले माणूस, पण डाइव्हिंग म्हटल्यावर त्यांनी मलाच विचारलं, ‘श्वास किती वेळ रोखायचा असतो?’

सुट्टी दिवाळीत मिळते, नाहीतर डिसेंबरअखेर. दिवाळीत गेलो तर वन्संचा चातुर्मास संपलेला नसतो, म्हणजे कांदा-लसूणही बंद. बोटीवर असं जेवण मिळतं का? अनुभवी लोकांनी मोकळेपणानं सांगा, बेत मोडला तरी चालेल.

खारंवारं:

एजंटला लेखी विचारा, ‘ओपन वॉटरवाल्यासाठी वेगळा गाइड देणार का?’ उत्तर गुळमुळीत आलं तर ती बोट सोडा. मालदीवची खरी मजा थिला आणि कंडूंवर. थिला म्हणजे पाण्यात बुडालेली टेकडी, कंडू म्हणजे दोन बेटांमधली खाडी. भरतीचं पाणी कंडूतून जोरात आत शिरतं, शार्क तिथेच जमतात आणि आपण रीफ हुक, म्हणजे दोरीचा आकडा, खडकाला अडकवून झेंड्यासारखे फडफडत राहतो. तुमच्या यजमानांना हे पहिल्याच ट्रिपला नको. अ‍ॅडव्हान्स्डचा कोर्स बऱ्याच बोटींवर करता येतो, पाच डाइव्हचा असतो, पण तो आधी उरकून जा. सुट्टीत परीक्षा कशाला? आणि अ‍ॅडव्हान्स्ड झालं तरी ३० मीटरच्या खाली जायला मालदीवमध्ये कायद्यानंच बंदी आहे.

वन्संची काळजी मात्र सोडा. दक्षिण आरी अटॉलमध्ये (अटॉल म्हणजे कड्यासारखी प्रवाळबेटांची रांग) व्हेल शार्क बारा महिने दिसतो, तोही वरच्या पाण्यात. नुसता मास्क आणि श्वासाची नळी, म्हणजे स्नॉर्केल, लावून त्या तो तुमच्याइतकाच बघतील. बा अटॉलच्या हनिफारू खाडीत तर स्कूबाला, म्हणजे टाकी घेऊन उतरायला, मनाईच आहे, मांटा हे पंखांसारखे पसरट मोठे मासे बघायचे तर सगळ्यांनी स्नॉर्केलिंगच करायचं. पण तो हंगाम जून ते नोव्हेंबरचा, तेव्हा पाऊस-वारा असतो. स्वच्छ पाणी हवं तर डिसेंबर ते एप्रिल.

सूरसागर (वडोदरा):

माझं मत वेगळं. पहिली लिव्हअबोर्ड आठवड्याची घेऊच नका. थायलंडच्या सिमिलान बेटांना खाओ लाकहून चार रात्रींच्या बोटी मिळतात. ते राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबर ते १५ मेच उघडं असतं, त्यामुळे तुमच्या दोन्ही सुट्ट्या बसतात. बोट लागणारा माणूस चार रात्री काढतो, सात काढत नाही. उलटीची गोळी घेणार असाल तर आधी घरी घेऊन बघा. काहींना तिच्यानं इतकी झोप येते की डाइव्ह करणं धोक्याचं.

बीपीचं म्हणाल तर ‘डाइव्हर मेडिकल’ हा फॉर्म नेटवर मिळतो. त्यात डॉक्टरांनी काय तपासायचं याचं वेगळं मार्गदर्शन असतं, ते छापून न्या. सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’वर खुणा करून मोकळे होऊ नका. साध्या ट्रॅव्हल विम्यात डाइव्हिंग धरलंय का तेही वाचा. डाइव्हिंगच्या त्रासावर दाबाच्या खोलीत उपचार करतात, त्या रिकम्प्रेशन चेंबरची वेळ आली तर खर्च आवाक्याबाहेर जातो.

बुकिंग करतानाच जेवणाचं लिहून द्या. वरण-भात कुठेही होतो. शेव-मुरमुऱ्याचे डबे इंदूरकरांना सांगायला नकोत.

खारंवारं:

एक राहिलं. परतीचं तिकीट बघून काढा. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास कोरडे हवेत, मी २४ धरतो. अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू निघतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो. बोटी आदल्या दिवशी दुपारी शेवटची डाइव्ह देतात त्या यासाठीच. मालेहून मुंबई आणि लगेच इंदूर अशी घाई नको. उंचीवरही दाब कमी होतो, पण तारकर्लीला डाइव्ह करून आंबोलीचा घाट चढताना लोक हे विसरतात.

जिरावण (इंदूर):

दोघांचे खूप आभार. वन्संना हनिफारूचं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, ‘म्हणजे तिथे मी तुमच्या बरोबरीची!’ सध्या ठरतंय ते असं: नवऱ्याचं मेडिकल आधी, मग त्याचं अ‍ॅडव्हान्स्ड, आणि डिसेंबरअखेर सिमिलानच्या चार रात्री. मालदीव पुढच्या खेपेला. एजंटला गाइडचं विचारलंय, अजून ‘मॅडम, बघतो’वरच आहे.

आता शेवटचं. नवऱ्याला चष्मा आहे, उणे साडेतीनचा. मास्कला नंबरची काच इंदूरला कोणी बसवून देतं का, की मुंबईहूनच मागवावी लागेल?