अनुभव धागा: तबेल्याला फोन लावताना घोडं पेंड कुठे खातं?

माहीमची

लेक ११ वर्षांची. गेल्या दिवाळीत माथेरानला दस्तुरीपासून, म्हणजे मोटारी थांबतात तिथून, बाजारपेठेपर्यंत घोड्यावर बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वहीच्या मागच्या पानांवर घोडे, बाथरूमच्या वाफाळलेल्या आरशावर घोडे. शेवटी म्हटलं, रीतसर शिकू दे.

शोधता शोधता कर्जतकडचा एक तबेला सापडला. आजोबांपासून चालत आलेला, घरचीच माणसं. वेबसाइट होती. पहिल्या पानावर एक पांढरीशुभ्र घोडी, अयाळ उडतेय, मागे डोंगर. लेक स्क्रीनला नाक लावून बसली. खालचा मजकूर मात्र यंत्राने भाषांतर केलेला: 'आमचे घोडे मैत्रीपूर्ण आणि परवडणारे आहेत.' ताज्या घडामोडी या सदरात २०१९चं उन्हाळी शिबिर. दर कुठेच नाहीत. संपर्काचा फॉर्म ३ वेळा भरला, तिन्ही वेळा 'आपला संदेश पोहोचला आहे' असं हिरव्या अक्षरांत आलं. कोणाला पोहोचला देव जाणे.

दोन नंबर होते. एक अस्तित्वात नाही. दुसरा सकाळी ७ ला, संध्याकाळी ५ ला, रविवारी, सगळ्या वेळी वाजून वाजून बंद. मी नाद सोडला. नवव्या दिवशी दुपारी १ वाजता फोन आला. एक आजी. "तुमचा मिस कॉल दिसतोय बरेच दिवस. मुलीला शिकायचंय का? धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय तिचं?" नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न धनुर्वाताचा!

तर मंडळी, मुंबईतून अशा घरगुती तबेल्यांशी संपर्क कसा केलात? साइटवर जे दिसलं ते तिथे होतं का? चांगलं-वाईट सगळं लिहा. तबेल्याचं नाव नको, अनुभव हवा.

परळचा जुना

माझी घोड्यांशी ओळख कुंपणापलीकडून. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३चं, आणि सकाळी तिथे चालायला जाणाऱ्यांपैकी मी एक. पहाटे धुक्यात (हो, जानेवारीत २-४ दिवस असतं मुंबईत) रायडर घोड्यांना फिरवतात तेव्हा आधी आवाज येतो, मग घोडा दिसतो. तिथेच अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, १९४२ पासूनचा. तिथे क्लबाची शिस्त असते, अर्ज, वेळापत्रक, पावती. घरगुती तबेल्यात माणूस भेटतो, पण तो भेटेपर्यंत धीर लागतो. मला स्वतःला धीर नव्हता, म्हणून मी ६२व्या वर्षीही कुंपणाच्या अलीकडेच आहे.

बर्फातली वसई

माझी फजिती ऐका. वसईजवळचा म्हणून एक तबेला नेटवर दिसला. साइट चकाचक. फोटोत तपकिरी धिप्पाड घोडे, लाकडी कुंपण, आणि मागे... बर्फ. मी पाहिला तो बर्फ. बायकोनेही पाहिला. दोघांनाही वाटलं, ढग असतील.

चौघांचे आगाऊ पैसे भरा म्हणाले, यूपीआयवर भरले. गेलो तर पत्र्याची शेड, २ तट्टं, एकाच्या मागच्या पायाला जखम, त्यावर हळद. त्याच्यावर बसायला मुलांनी नकार दिला, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. पैसे परत मागितले तर "वेबसाइटवाल्याशी बोला". हा वेबसाइटवाला कोण, कुठला, आजतागायत कळलं नाही.

तेव्हापासून नियम: आधी फोनवर म्हणायचं, "आत्ता उभ्या उभ्या घोड्याचा व्हिडिओ काढून पाठवता का?" खरा तबेला असेल तर पाचव्या मिनिटाला व्हिडिओ येतो, त्यात घोडा कमी आणि बोट जास्त दिसतं, पण येतो.

बदलापूरचा भाचा

बर्फवाले दादा, तुमचा 'वेबसाइटवाला' मी नव्हे, पण मी कोणाचा तरी वेबसाइटवाला आहे. मामाचा तबेला आहे, ७ घोडे. साइट मी केली, कॉलेजात असताना, फुकट. म्हणून आता पलीकडची बाजू.

फॉर्म भरल्यावर निरोप जातो माझ्या तेव्हाच्या मेलवर. तो मेल मी महिन्यातून एकदा उघडतो. ही चूक माझी आणि ती अजून तशीच आहे, हे इथे जाहीर कबूल करतो. त्यामुळे मामाचं उत्तर म्हणजे वरातीमागून घोडं, अगदी शब्दशः. कारण निम्म्याहून जास्त चौकशा वरातीच्याच असतात! माहीमच्या ताई, पहिल्या पानावर पांढरी घोडी लावली की हे होणारच. त्या रंगाला नुकरा म्हणतात, कातडी गुलाबी, केस पांढरे, आणि लग्नवाल्यांना तीच हवी असते. 'उद्या संध्याकाळी ७ ला घोडी मुलुंडला मिळेल का, बँडसोबत.' अहो, मामाचे घोडे शिकवणीचे. बँड ऐकला तर नवरदेवासकट खोपोलीला जातील.

आता फोन का उचलत नाहीत ते. तबेल्याचा दिवस पहाटे ५ ला सुरू होतो. आधी चंदी-चारा, म्हणजे दाणा-वैरण, मग लीद काढायची. ६:३० ते ९:३० शिकवणी, कारण त्यानंतर ऊन चढतं. मग घामेजलेले घोडे चालवून थंड करायचे, ब्रशने घासून खरारा, खूर तपासायचे, पाणी. ११ नंतर घोडाही उभ्या उभ्या पेंगतो आणि मामाही. ४ ते ६:३० परत शिकवणी, मग संध्याकाळची चंदी. मामाच्या एका हातात लगाम, दुसऱ्या हातात कोणाचं तरी घाबरलेलं पोर. खिशात फोन वाजला तर तो बंदच करणार. शिवाय घोडा बुजतो ते वेगळंच. म्हणजे आपल्याला ज्या वेळी सवड असते त्या वेळी त्यांना नसते, एवढंच हे कोडं. सकाळी ११:३० ते दुपारी ३:३० मध्ये फोन करा. मामा जांभई देत उचलेल, पण उचलेल.

दर का लिहीत नाही? मामाचं म्हणणं, दर घोड्याचा नसतो, शिकणाऱ्याचा असतो. ८ वर्षांच्या पोराला लांब दोरीवर गोल फिरवायला एक माणूस पूर्णवेळ लागतो, बसता येणाऱ्याला तेवढा लागत नाही. मला हे पटत नाही, निदान 'अमुकपासून पुढे' एवढं तरी लिहावं. यावर आमची दर दिवाळीत भांडणं होतात.

आणि 'आमच्याविषयी' या पानावर मी जे लिहिलंय ना, 'निसर्गाच्या सान्निध्यात अश्वप्रेमाची परंपरा' वगैरे, ती निव्वळ खोगीरभरती. पान रिकामं दिसत होतं.

रिकिबीत पाय

+१ भाच्याला. प्रश्न: माझं वजन ८८ किलो. साइटवर काही लिहिलेलं नसतं आणि फोनवर विचारायला लाज वाटते.

बदलापूरचा भाचा

लाजू नका, विचारलं नाहीत तर मामाच विचारेल, आणि सगळ्यांसमोर. ढोबळ हिशेब म्हणजे घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्के, तेही खोगिरासकट. ४०० किलोचा घोडा असेल तर ८० झाले की बस. तुम्हाला मोठा घोडा लागेल. तो त्यांच्याकडे आहे का, हे आधी विचारूनच लोकल पकडा.

ताडदेवचे आजोबा

आमच्या वेळी संपर्क म्हणजे रस्त्यावर उभं राहून "ए व्हिक्टोरिया!" अशी हाक. रविवारी संध्याकाळी नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंत, चांदीच्या रंगाची घोडागाडी, मागे आम्ही चार भावंडं. आमच्या गल्लीच्या मागेच घोडे बांधलेले असत. पावसाळ्यात लिदीचा वास खिडकीतून आत, आई रोज कटकट करी.

२०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं का बोलू, त्या घोड्यांचे हाल मीही पाहिले होते. डांबरावर दिवसभर उभे, पाय घसरायचे. २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या, नातवाला घेऊन बसलो. तो म्हणाला, "घोडा कुठाय?"

धाग्याला थोडं सोडून झालं, माफी असावी.

निळी छत्री

आजोबा, मुळीच सोडून नाही.

माझा मुलगा ९ वर्षांचा, स्वमग्न आहे. थेरपिस्टने सुचवलं, घोड्यावर बसवून बघा. घोड्याच्या चालीने बसणाऱ्याची कंबर साधारण तशीच हलते जशी आपण स्वतः चालताना हलते. तोल, पाठीचा कणा, यासाठी त्याचा उपयोग करतात. आमच्या भागात असं काही नव्हतं, म्हणून एका घरगुती तबेल्याला व्हॉट्सॲपवर मोठ्ठा निरोप लिहिला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दोन दिवस मी मनातल्या मनात त्या माणसांशी भांडले.

तिसऱ्या दिवशी घरच्या सूनबाईंचा फोन. म्हणाल्या, "ताई, तुमचं वाचून सासऱ्यांशी बोलले, मग डॉक्टरांशी बोलले, म्हणून उशीर झाला." मग तिनेच विचारलं: अचानक ओरडतो का? केस ओढतो का? कुठल्या वासाने बिथरतो? हेल्मेट डोक्यावर ठेवून घेईल का? शेवटी म्हणाली, "पहिल्या दिवशी बसवायचं नाही. नुसते या. एक हेल्मेट पाठवते, घरी टीव्ही बघताना घालू दे."

असा प्रश्न मला कुठल्याच फॉर्ममध्ये कोणी विचारला नव्हता. पहिले ३ आठवडे तो घोड्यापासून १० फुटांवर बसून मातीत रेघा ओढत होता. चौथ्या आठवड्यात घोडीनेच येऊन त्याचे केस हुंगले. पुढचं परत कधीतरी.

एक खरं सांगते, त्या स्वतःला थेरपीवाले म्हणवत नाहीत. साइटवर तसं ठळक लिहिणारे दुसरे एक भेटले होते, त्यांनी मुलाचं नावही न विचारता १० सत्रांचं पॅकेज सांगितलं.

दस्तुरीवाला

आमच्या घरात घोडा आजोबांपासून. माथेरानात मोटारीला बंदी, १९०७ पासून छोटी गाडी येते ती वेगळी, बाकी माणूस पायी नायतर घोडा नायतर आता ई-रिक्षा. आमची वेबसाइट नाय. नकाशावर कोणीतरी आमचं नाव टाकलंय, त्यावर १ तारा दिलाय एकाने, का तर 'घोड्याने वाटेत शेण केलं'. घोड्याने काय करायचं मग, रांग लावायची?

दर फलकावर असतो, तो वाचा. आणि व्हॉट्सॲपवर नुसतं 'प्राइस प्लीज' टाकणाऱ्यांनो, नमस्कार तरी लिहा. किती माणसं, पोरं किती वयाची, कुठून कुठे जायचंय, परत यायचंय का, एवढं एका ओळीत लिहिलं तर मी खोगीर घालता घालता उत्तर देतो. पावसात विचारू नका शिकवणीचं, वाट निसरडी असते, चिखलात खूर कुजतो. सरळ दिवाळीनंतर.

बर्फातली वसई

दस्तुरीवाले, तुमच्या घोड्यासाठी ५ तारे देऊन आलो.

माहीमची

सगळ्यांना धन्यवाद. मध्ये ३ शनिवार गेले, म्हणून उशिरा लिहितेय.

दादरहून पहाटेची कर्जत लोकल, पुढे रिक्षा. पहिल्या दिवशी लेकीला घोड्यावर बसवलंच नाही. आजींनी हातात खराऱ्याचा ब्रश दिला आणि एका म्हाताऱ्या तपकिरी घोड्यापाशी उभं केलं. "मागून जायचं नाही, बोलत बोलत डाव्या बाजूने जायचं." तासभर घासत होती. परतीच्या लोकलमध्ये तिच्या अंगाला असा वास येत होता की शेजारच्या बाईंनी जागा बदलली. तिसऱ्या शनिवारी कदमचालीवर, म्हणजे घोडा नुसता चालत, २० मिनिटं. दुडकीचं, म्हणजे हळू पळवण्याचं, नाव काढलं तर आजी म्हणाल्या, "आधी पाठ सरळ कर."

फोटोतली पांढरी घोडी मात्र कुठे दिसेना. लेक रोज विचारायची. भाच्याने लिहिलंय ते मी आजींना सांगितलं, की त्या फोटोमुळे तुम्हाला लग्नवाल्यांचे फोन येतात, तो काढून तपकिरी घोड्याचा लावू, मी बसून साइट नीट करून देते. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या नातवाने मला बाजूला घेऊन सांगितलं. ती घोडी ४ वर्षांपूर्वी गेली. रात्रीत पोट फुगलं, घोड्याला उलटी होत नाही, डॉक्टर येईपर्यंत आजोबा तिला अंगणात चालवत राहिले, पहाटे ती बसली ती उठली नाही. साइटचा पासवर्ड आजोबांकडे आहे. ते सांगत नाहीत. लग्नवाल्यांचे फोन आले की म्हणतात, "ती घोडी बाहेरगावी आहे."

मी मग फोटोला हात लावायचा विषय काढला नाही. लेकीलाही अजून सांगितलेलं नाही. आजोबांनी समोर बसून, मला पाठ करून उभं राहायला लावून, पासवर्ड घातला. मी तो अस्तित्वात नसलेला नंबर काढून टाकला, ती मैत्रीपूर्ण आणि परवडणारी ओळ काढली, आणि नंबरखाली लिहिलं: फोन दुपारी ११:३० ते ३:३०. सोमवारी बंद.