नवशिक्यांना दारातूनच परत पाठवलं तर उद्या प्रकल्प कोण सांभाळणार?

अश्वत्थ
काल इथे ओपन सोर्सवर, म्हणजे कोणीही बघून बदल सुचवू शकेल अशा कोडवर, एका सदस्याने लिहिलं, "ओपन सोर्समध्ये नवशिक्यांचे लाड पुरे झाले. ज्याला येतं तो करेल, बाकीच्यांनी मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) वेळ खाऊ नये." दोन ओळीत उत्तर देणार होतो, पण राहवलं नाही.

आमचं पुस्तकं वाचायचं एक छोटं ॲप आहे. पाच वर्षांपूर्वी नंदुरबारच्या एका मुलाने कळवलं, 'वाऱ्यावर' शोधलं की काहीच सापडत नाही, आणि शब्द तर समोर पानावर दिसतोय. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. कोणी ऱ चा पाय मोडतं, कोणी साध्या र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) टाकतं. डोळ्यांना एकच, संगणकाला वेगळे. संगणकावरच्या अक्षरांचं प्रमाण म्हणजे युनिकोड; त्याचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची रीत, लावलं तरी दोन्ही एक होत नाहीत.

त्याचा पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, 'वाऱ्यावर' या एका शब्दापुरती अट (इफ) एवढाच होता. तो नाकारून बंद करायला दहा सेकंदं लागली असती. मी रविवारी तासभर फोनवर बसलो, दोन्ही रूपांचे कोडपॉइंट (चिन्हांचे युनिकोड क्रमांक) त्याच्याकडूनच एकाखाली एक लिहून घेतले. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' अशा चाचण्या त्यालाच करायला सांगितल्या. चौथ्या खेपेला पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला. आज ॲपमधला सगळा शोध तो बघतो आणि माझ्या कोडमधल्या चुकाही तोच काढतो. तेव्हा 'लाड' केले नसते तर हे सगळं आजही माझ्याच गळ्यात असतं.

रात्रपाळी
कालचं ते मीच लिहिलंय, आणि आजही तेच म्हणेन.

तुम्हाला एक मुलगा चांगला भेटला. माझ्याकडे रांग लागते. ऑक्टोबर २०२० विसरलात? हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्टींवर ('माझा बदल घ्या' अशा विनंत्यांवर) टी-शर्ट होता. लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढंच चिकटवून रिक्वेस्टी पाठवल्या. पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रकल्पाला हवं असेल त्यानेच नाव नोंदवावं. तोवर आमचे शनिवार-रविवार रिक्वेस्टी बंद करण्यात गेले होते. २०२३ला टी-शर्टच बंद झाले, बरं झालं.

मी नोकरी करून, पोरीला झोपवून रात्री अकराला बसतो. या कामाचा एक रुपया मिळत नाही. आणि वर ऐकायचं काय, तर मी गर्विष्ठ!

एक्सझेडचंही बघा, फाइली आकसवणारं ते साधन. लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२२मध्ये काही अनोळखी खात्यांनी प्रकल्पाच्या ईमेल यादीवर तगादा लावला, पॅच पडून राहतात, दुसरा मेंटेनर नेमा. त्यांनी लिहिलं की हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. अखेर 'जिया टॅन' नावाच्या मेहनती मदतनीसाच्या हाती किल्ल्या गेल्या. २०२४च्या मार्चमध्ये कळलं की ५.६.० आणि ५.६.१मध्ये चोरदरवाजा बसवलाय. तोही आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं म्हणून सापडला. नव्या माणसाला जवळ करण्याचा हा धोका कोण पत्करणार, तुम्ही?

कृष्णाकाठ
रात्रपाळीदादा, एक्सझेडवरून तुम्ही उलटाच अर्थ काढताय. कॉलिन एकटे पडले होते म्हणून त्यांना गाठता आलं. सोबत आणखी तीन विश्वासाची माणसं असती तर तो तगादा एकट्याच्या उरावर बसला नसता. हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक सापडली तेव्हा, २०१४ला, ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या प्रकल्पाकडे पूर्णवेळ माणूस एकच होता आणि देणग्या वर्षाला दोनेक हजार डॉलर. अर्धं इंटरनेट त्यावर चालत होतं.

आता माझं. कराडला शिकत असताना एका मोठ्या कोड लायब्ररीला (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडला) पहिली पुल रिक्वेस्ट पाठवली. तीन आठवडे तयारी केली होती. इंग्रजी चुकू नये म्हणून वर्णन चार वेळा लिहून काढलं. अकरा मिनिटांत बंद, वर एक शब्द नाही. का, ते मला आजही माहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी कुठेही काही पाठवलं नाही. 'ओळीच्या सुरुवातीला टॅब नको, स्पेस हवेत' एवढं कोणी लिहिलं असतं तरी मी टिकून राहिले असते.

शब्दखोर
या सगळ्या चर्चेत योगदान म्हणजे फक्त कोड. भाषांतर करणारे तुमच्या हिशेबातच नाहीत! मी एका प्रकल्पाचा मराठी अनुवाद दोन वर्षं केला. एका सकाळी बघतो तर कोणीतरी सगळीकडचं 'जतन करा' काढून 'सेव्ह करा' केलेलं. विचारणं नाही, चर्चा नाही. मेंटेनरला मराठी येत नव्हतं, त्याने मर्ज करून टाकलं.

रात्रपाळी
'सेव्ह करा'च बरोबर आहे. माझी आई बँकेत होती, तीही सेव्हच म्हणायची. जतन किल्ल्यांचं करतात.

शब्दखोर
मग 'साठवा' घ्या! इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा असेल तर अनुवाद करायचाच कशाला?

अश्वत्थ
साठवतात धान्य. आमच्या ॲपमध्ये 'जतन करा'च आहे आणि कोणाची तक्रार नाही.

रात्रपाळी
तक्रार नाही, कारण मराठीत ॲप लावतंय कोण? माझ्या ओळखीतल्या एकाचाही फोन मराठीत नाही.

शब्दखोर
माझ्या आईचा आहे! तिला इंग्रजी वाचता येत नाही. 'सेव्ह' अक्षरं जुळवून वाचते, पण ते दाबल्यावर काय होणार हे मला फोन करून विचारते. तुमच्या ओळखीतली माणसं म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

रात्रपाळी
आईंचा मुद्दा मान्य. शब्द कोणता ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. पण मला मराठी येत नसती तर मीही ती रिक्वेस्ट मर्जच केली असती. तपासणार कसं?

शब्दखोर
आधीचा अनुवाद कोणी केला ते इतिहासात दिसतं. त्याला टॅग करून विचारायचं. एक मिनिटाचं काम होतं. दोन वर्षं काम केलेल्या माणसाला कोणी विचारत नसेल तर तो राहील कशाला? मी नाही राहिलो.

कृष्णाकाठ
हेच म्हणतेय मी. पहिल्या दिवशी आलेला असो की दोन वर्षं जुना, कोणीतरी बोलायला हवं.

रात्रपाळी
बोलायला वेळ लागतो हो ताई. तो आणायचा कुठून?

अश्वत्थ
सगळ्यांशी बोलू नका. रीडमीवाल्या रिक्वेस्टी खुशाल बंद करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ज्याने दुसरा पॅच पाठवला त्याला ओळखा. टी-शर्टवाला टिप्पणी वाचून परत येत नाही, शिकणारा येतो. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवाले 'ईझी हॅक्स', म्हणजे नवशिक्यांना जमतील अशी कामं, वेगळी काढून ठेवतात, कोड कुठे आहे आणि कोणाला विचारायचं हे त्यातच लिहितात. ती मेहनत एकदाच करावी लागते.

रात्रपाळी
एकदाच नाही, दर आवृत्तीला कोड हलतो आणि ती यादी शिळी होते. तरी ठीक आहे. माझ्याकडे तारखांचे तीन बग (चुका) पडलेत, ते वेगळे लिहून ठेवतो. रात्री अकराच्या आधी उत्तर मिळणार नाही. आणि एक्सझेडचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, मर्जचा अधिकार वर्षभर कोणाला देणार नाही.

कृष्णाकाठ
अधिकार कोण मागतंय? त्यातला एक बग मला द्या. टॅब की स्पेस, ते आधी सांगा.

रात्रपाळी
स्पेस. चार.