संपत्ती कर परत आणा म्हणे!

तिरसट_सदाशिव: ‘अतिश्रीमंतांवर २ टक्के संपत्ती कर लावा, तिजोरी आपोआप भरेल’ या परवाच्या धाग्यावर टाळ्यांचा पाऊस पडला. अहो, हा कर आपल्याकडे १९५७ पासून होताच की! शेवटी शेवटी ३० लाखांवरच्या संपत्तीवर १ टक्का. २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून जमले १,००८ कोटी. २०१५ च्या बजेटात जेटलींनी तो गुंडाळला आणि कोटीच्या वर कमावणाऱ्यांवर २ टक्के जादा अधिभार लावला. त्यातून अंदाज ९,००० कोटींचा. विषय संपला.

जमाखर्च: संपला कसला? नव्वदच्या दशकात शेअर त्यातून वगळले हे सोयीस्कर विसरलात. उरलं काय, तर दुसरं घर, मोकळा प्लॉट, दागिने, गाडी. हजार कोटींचे शेअर बाळगणारा प्रवर्तक त्यांवर शून्य भरणार आणि दोन प्लॉट राखून बसलेले निवृत्त मास्तर चलन भरणार. चाळणीत पाणी राहिलं नाही म्हणून दोष विहिरीला?

तिरसट_सदाशिव: आणि शेअरवर कर धरला मार्चअखेरच्या भावाने, पण जुलैत तो भाव निम्म्यावर आला तर? कर भरायला शेअर विकायचे?

जमाखर्च: स्वित्झर्लंडमध्ये भरतात. बुडाला का तो देश?

तिरसट_सदाशिव: तिथे साध्या गुंतवणूकदाराला शेअरच्या नफ्यावर कर नसतो. तेही आणा मग!

कोथरूडची_मावशी: तुमचं चालू द्या. आमचा टीडीएस पगार हातात यायच्या आधीच कापला जातो. बागायतदारांना मात्र सगळं माफ. बंगला, फॉर्च्युनर, कर शून्य!

बांधावरचा_पाटील: आला का शेतकरी? वाटच बघत होतो. खतावर, औषधावर जीएसटी आम्हीच भरतो. मागच्या हंगामात कांदा विकून गाडीभाडंही सुटलं नाही. त्यावर किती टक्के लावू, मावशी?

कोथरूडची_मावशी: तुमच्याबद्दल नाही हो. मुळशीत फार्महाऊस बांधून सातबारा मिरवणाऱ्यांबद्दल.

बांधावरचा_पाटील: मग तसं लिहा! दरवेळी ‘बागायतदार’ म्हणून आमच्याच अंगावर यायचं. त्या मुळशीवाल्यांना धरा, मी हार घेऊन येतो.

जमाखर्च: धागा संपत्ती कराचा आहे, कांद्याचा नाही.

बांधावरचा_पाटील: जमीन संपत्ती नाही वाटतं?

वाड्यातला_बंडू: वारसा कराचं कुणी काढत नाही. १९५३ ला आला, आपले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना. वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. आजोबा वारले आणि तो भरायला वडिलांनी अर्धा वाडा विकला. १९८५ ला व्ही. पी. सिंगांनी रद्द केला, तोवर आमचं व्हायचं ते झालं होतं.

जमाखर्च: ८५ टक्के २० लाखांच्या वरच्या भागाला होते. त्या काळचे २० लाख! आव मात्र गरिबीचा.

वाड्यातला_बंडू: आम्ही ८५ भरले असं कुठे म्हटलं? नीट वाचा. वाड्याला किंमत होती, घरात रोकड नव्हती. नोटीस आली की कळतं.

तिरसट_सदाशिव: हेच मी मघापासून सांगतोय!

जमाखर्च: बरं, हप्ते द्या आणि मर्यादा १०० कोटींवर न्या. बंडूचा वाडा सुटला. आता प्रवर्तकांचे शेअर का सोडायचे, तेवढं सांगा.

तिरसट_सदाशिव: ते दुबईला जातील.

कोथरूडची_मावशी: जाऊ देत. फार्महाऊस इथेच राहील ना?