छोट्या मोटरी, हलती भुतं: तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबर लागला की आमच्या गल्लीत अंगणाअंगणांत सांगाडे उगवतात. दुकानातलं हलणारं भूत आणायला गेलं तर शंभर-दोनशे डॉलर कुठेच जात नाहीत, आणि पुढच्या वर्षी बटण दाबलं की ते नुसतं घरघरतं. म्हणून मी हॅलोविनची, म्हणजे इकडच्या 31 ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाची, भुतं घरीच करायला लागले. तुमच्यापैकी कुणी असले उद्योग केले असतील तर इथे लिहा. मोटर कुठून उचललीत, तिच्याकडून काय हलवून घेतलंत, काय जळलं. फसलेलं आधी लिहा, तेच जास्त कामाला येतं. हॅलोविनच पाहिजे असंही नाही.

सुरुवात मीच करते.

एडिसन, न्यू जर्सी

माझं पहिलं भूत म्हणजे इकडच्या हौशी लोकांत प्रसिद्ध असलेलं 'फ्लाइंग क्रँक घोस्ट'. मोटर गाडीच्या वायपरची, जंकयार्डातून 15 डॉलरला. लाकडी चौकटीवर मोटर बसवायची, तिच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, एक पट्टी, पट्टीच्या टोकाला तीन दोरे. एक भुताच्या डोक्याला, दोन हातांना. खुबी पुढे आहे: प्रत्येक दोरा वेगळ्या जागी लावलेल्या कडीतून खाली सोडायचा. पट्टीचं टोक फिरताना एका कडीपासून लांब जातं तेव्हा दुसरीच्या जवळ येत असतं, त्यामुळे डोकं वर जाताना एक हात खाली येतो आणि दुसरा मधेच कुठेतरी तरंगतो. मोटर एकच, पण भूत जिवंत वाटतं.

चार इंचांची पट्टी असेल तर दोरा साधारण आठ इंच वरखाली होतो. मी हौसेने सात इंचांची लावली. भुताने हात उचलला तो थेट चौकटीत अडकला, आणि वायपरची मोटर काही थांबत नाही. तिच्यातल्या वर्म गियरमुळे, म्हणजे मळसूत्री दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकामुळे, जोर भयंकर असतो. चौकटच निघून आली. तेव्हापासून चाचणी करताना बोटं लांब आणि दोरा मुद्दाम कच्चा, म्हणजे काही अडकलं तर आधी दोरा तुटेल.

दुसरी चूक वेगाची. 12 व्होल्ट दिले तर मिनिटाला चाळीसेक फेरे झाले. ते भूत नव्हतं, लेझीम होतं. मग जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढला. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडली की तो कॉम्प्युटरशिवाय चालू होतो. पिवळी 12 व्होल्ट, लाल 5. लाल वायरवर तीच मोटर इतकी संथ फिरली की नवरा स्वतःच दचकला. भुताच्या अंगावरचं चीजक्लॉथ, म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, कपडे धुण्याच्या लिक्विडमध्ये बुडवून वाळवलं, आता अल्ट्राव्हायोलेट दिव्यात ते निळसर चमकतं.

सासूबाई तेव्हा सांगलीहून आल्या होत्या. "ऐन दिवाळीच्या तोंडावर दारात ही अवदसा कशाला," एवढंच म्हणाल्या. 31 तारखेला मात्र चॉकलेटचं टोपलं घेऊन त्याच अवदसेशेजारी खुर्ची टाकून बसल्या.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

5 व्होल्ट म्हटलंय म्हणून कुणी फोनचा चार्जर लावू नका. मी लावला. वायपरची मोटर सुरू होताना बराच करंट ओढते, चार्जर लगेच मान टाकतो.

आणि एक भानगड. या मोटरीचं धातूचं अंग बहुतेक वेळा स्वतःच ऋण टोक असतं, कारण गाडीत ती सरळ बॉडीला कसलेली असते. मी दोन मोटरी एकाच लोखंडी अँगलवर बसवल्या आणि एक उलटी फिरावी म्हणून तिच्या वायरी अदलाबदल केल्या. म्हणजे एकीचं अंग ऋण, दुसरीचं धन, आणि मधे अँगल! ठिणग्या उडाल्या त्या हॅलोविनला शोभण्यासारख्या होत्या. आता प्रत्येक मोटर लाकडावर आणि प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज.

टोरांटो

मला कढई ढवळणारी चेटकीण करायची होती. मुंबईला गेलो असताना लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून छोटी सिंक्रोनस मोटर आणली, म्हणजे विजेच्या आवर्तनांच्या (हर्ट्झच्या) तालावर फिरणारी, मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवते तीच जात. घरी आल्यावर कळलं की ती 230 व्होल्टची आहे, इथे 120. नुसती गुणगुणली.

मग मोडक्या मायक्रोवेव्हमधली काढली आणि आनंदाच्या भरात सरळ भिंतीच्या प्लगला जोडली. लेबलवर 21 व्होल्ट लिहिलेलं होतं. वास दोन दिवस गेला नाही. तिसरी मात्र बरोबर 120ची मिळाली. तिच्यावर '5/6 आरपीएम' लिहिलं होतं. म्हणजे 50 हर्ट्झच्या देशात मिनिटाला पाच फेरे, आमच्याकडे 60 हर्ट्झवर सहा.

तिची एक खोड आहे: सुरू होताना कुठल्या दिशेने फिरेल ते तिच्या मर्जीवर, आणि अडली की उलट फिरते. मी वैतागलो होतो. मुलीने कढईत आडवी काठी टाकली. चेटकीण ढवळते, पळी काठीला लागते, थबकते आणि उलटी ढवळायला लागते. कुणाशी तरी मनात भांडतेय असं वाटतं. खोडच कामाला आली.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

टोरांटोवाले, मायक्रोवेव्ह उघडायचं असं सहज लिहू नका हो. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज शिल्लक राहू शकतो. माहीतगार नसाल तर मोटर सुटी विकत घ्या, चार पैशांची वस्तू आहे.

टोरांटो

मान्य. माझी मेहुण्यांनी काढून दिली होती, ते ओव्हन दुरुस्त करतात. हे आधी लिहायला हवं होतं.

फोंडा, गोवा

आमच्याकडे हॅलोविन नाही, पण भूत आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासूर उभे राहतात आणि पहाटे जाळले जातात. 2024 साली ती पहाट नेमकी 31 ऑक्टोबरला आली, भाचा अमेरिकेत, तो म्हणाला, "मामा, आपली दोघांची भुतं एकाच दिवशी."

आमच्या नरकासुराची मान आणि तलवारीचा हात हलतो. एडिसनवाल्या ताईंनी 5 व्होल्टची युक्ती सांगितली, आम्ही नकळत तेच करत होतो: भंगारातून ट्रकची 24 व्होल्टची वायपर मोटर आणायची आणि गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालवायची. अर्ध्या वेगाने फिरते, रात्रभर तापत नाही. हात पोकळ ठेवायचा, आत वेताची चौकट, वर कागद. पहिल्या वर्षी लाकडाचा हात केला होता. खाली येताना स्वतःच्याच वजनाने धाडकन यायचा, वर जाताना मोटर रडायची. मग खांद्याच्या मागे वाळूची पिशवी बांधली, हाताच्या वजनाला तोल मिळाला आणि रडणं थांबलं.

एका वर्षी जाळायच्या घाईत मोटर काढायलाच विसरलो. फटाक्यांच्या आवाजात कुणाला सुचलं नाही. सकाळी राखेतून तांब्याचा गुंता निघाला. आता मोटर काढायचं काम एकाच पोराकडे, तो काढून हातात दाखवतो तेव्हाच काडी लागते.

स्लाव, इंग्लंड

छोटंसं. फिरत्या टेबल फॅनची मान फुकटात मिळते. पाती काढा, जाळी काढा, वर फोमचं डोकं बसवा, भूत डावीकडे-उजवीकडे बघतं. फक्त पात्यांची हवाच मोटर गार ठेवत असते, ती नसली की तापते. मी दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा टायमर लावला.

पुणे, सदाशिव पेठ

मी पंचवीस वर्षं मंडळाचे हलते देखावे केले, तेव्हा थोडं आगाऊपणे बोलतो. तुम्ही सगळे मोटरीच्या मागे लागला आहात. मोटर आणि पट्टी यांतून एकच चाल निघते, गोल-गोल, संथ वरखाली. पाच मिनिटं बघितल्यावर डोळ्याला कळतं की हे यंत्र आहे.

प्लायवूडची चकती कापा, पण गोल नाही. शंखासारखी, केंद्रापासूनचं अंतर हळूहळू वाढत जाणारी, आणि शेवटी एकदम सरळ कापलेली. तिच्यावर टेकलेला दांडा सावकाश चढतो आणि कडेवरून टपकन पडतो. आम्ही कंसाचा हात असाच खाली आणायचो. एकाच शाफ्टवर अशा चार चकत्या वेगवेगळ्या कोनांत बसवल्या की चार पात्रं आपापल्या वेळेला हलतात, मोटर एकच. चकतीला मधे सपाट पट्टा, म्हणजे अंतर न वाढणारा भाग ठेवला तर पात्र तेवढा वेळ स्तब्ध राहतं. माणसं हलण्याला घाबरत नाहीत, स्तब्ध असलेलं हललं की घाबरतात.

एडिसन, न्यू जर्सी

काका, तुमचं वाचून शनिवारी शवपेटीच्या झाकणाला शंखचकती लावली. झाकण चार सेकंद बंद, मग हळूहळू उघडतं आणि धप्पकन मिटतं. मुलगा म्हणाला, आता आत कुणीतरी आहे. पण दांडा चकतीवरून जाताना करकरतो, आणि पडताना ठोका इतका मोठा की शेजारीण विचारायला आली.

पुणे, सदाशिव पेठ

करकर राहू द्या, शवपेटी आहे ती. फारच झाली तर चकतीच्या कडेला मेणबत्ती घासा, तेल नको. दांड्याच्या टोकाला खाटेच्या चाकासारखं छोटं चाक लावलंत तर आणखी बरं. ठोक्यासाठी दांडा जिथे टेकतो तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे ठोका. आणि झाकणाच्या बिजागरीजवळ मुलांची बोटं जाणार नाहीत एवढी फट बुजवा, आजच.