समिंग ॲम्पला भारी ऑपॅम्प: गरज की हौस?

ऋणबिंदू
स्वतः मिक्सर बांधणारे बरेच जण सगळा जीव आणि अर्धं बजेट समिंग ॲम्पमधल्या (सगळे चॅनेल एकत्र मिसळणारा भाग) एका ऑपॅम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या चिपवर, लावतात. माझ्या मते हा खर्च चुकीच्या जागी होतो.

२४ चॅनेल धरा. प्रत्येकाचा मिक्स रेझिस्टर १० के (किलोओहम), फीडबॅकचाही १० के. सिग्नलला गेन १, पण ऑपॅम्पच्या स्वतःच्या नॉइजला २५, कारण त्याला २४ रेझिस्टर समांतर ग्राउंडला गेलेले दिसतात. ५५३२ या ऑपॅम्पचा व्होल्टेज नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, तो आउटपुटला १२५ होतो. रेझिस्टरांचा सगळा मिळून ६४. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १४०, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या बँडविड्थमध्ये उणे ९२ डीबीयूच्या (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डीबी) आसपास.

आता चॅनेल बघा. इनपुटला मोजलेला नॉइज उणे १२८ डीबीयू, म्हणजे प्रीॲम्प चांगलाच आहे. त्याला ४० डीबी गेन दिला की उणे ८८. असे २४ एकत्र आले की १३.८ डीबीची भर, उणे ७४. समिंग ॲम्प याच्या १८ डीबी खाली आहे. त्याच्यामुळे एकूण नॉइज एक दशांश डीबीनेही वाढत नाही. मग तिथे महाग चिप लावून ऐकू काय येणार? पैसा प्रीॲम्पमध्ये घाला आणि गेन सुरुवातीलाच घ्या.

शांतबस
सहमत नाही. तुमचं गणित बरोबर आहे, पण २४ च्या २४ फेडर उघडे आणि सगळे माइक ४० डीबीवर असं कितीदा होतं? एक गायक, एक तंबोरा, बाकी सगळं म्यूट. शांततेची खरी परीक्षा तेव्हा असते.

म्यूट केलेल्या चॅनेलचा नॉइज गेला, पण त्याचा १० के बसला (सगळे चॅनेल जिथे मिळतात ती तार) लागलेलाच आहे. नॉइज गेन, म्हणजे ऑपॅम्पच्या स्वतःच्या नॉइजला मिळणारा गेन, २५ चा २५ राहिला. समजा एकच माइक उघडा आहे, ३० डीबी गेनवर. त्याचा नॉइज उणे ९८, समिंग ॲम्पचा उणे ९२. एकूण उणे ९१! चॅनेलने दिलेली शांतता ७ डीबीने बिघडली, आणि ती बिघडवली ज्याला तुम्ही नगण्य म्हणता त्यानेच. फेडर खाली ओढूनही हा नॉइज जात नाही. मास्टर खाली आणलात तर गाणंही खाली जातं.

जुना डाग
म्यूटच्या स्विचने रेझिस्टर बसपासून तोडला तर प्रश्न मिटत नाही का? एकच चॅनेल जोडलेला असेल तर नॉइज गेन २, म्हणजे त्याच ५५३२ वर उणे १०८.

शांतबस
@जुना डाग, तोडता येतो, पण उघड्या स्विचच्या कपॅसिटन्समधून वरच्या फ्रिक्वेन्सी बसवर झिरपतात. म्हणून बसकडची बाजू उघडायची आणि चॅनेलकडची ग्राउंडला टेकवायची, दोन्ही एकाच वेळी. काही जण १० के चे दोन ५ के करून मधला बिंदू ग्राउंड करतात. ते अजिबात करू नका. बसला आता १० ऐवजी ५ के ग्राउंडला लागतो, म्हणजे म्यूट केल्यावर नॉइज गेन वाढतो.

ऋणबिंदू
@शांतबस, ७ डीबीचा मुद्दा मान्य. मी सगळे फेडर उघडे धरूनच विचार करत होतो. पण मग रेझिस्टर कमी करणं स्वस्त पडेल ना? १० के ऐवजी २.२ के.

वर्गमूळ
@ऋणबिंदू, तुमच्याच आकड्यांत घालून बघा. रेझिस्टरांचा भाग ६४ वरून ३० वर येतो, ऑपॅम्पचा १२५ जिथल्या तिथे. एकूण १४० चे १२९ झाले. पाऊण डीबी! त्यासाठी प्रत्येक चॅनेलला २.२ के चा भार चालवावा लागणार, पॅनमुळे दोन बसचा. ५५३२ तो सहज चालवतो, टीएल०७२ दमतो.

आधी नॉइज कोणाचा जास्त ते बघायला हवं. २४ रेझिस्टर समांतर म्हणजे बसचा सोर्स इम्पिडन्स सुमारे ४१७ ओहम. ५५३२ चा व्होल्टेज नॉइज भागिले करंट नॉइज करा, ५ नॅनोव्होल्ट आणि ०.७ पिकोॲम्पिअर, म्हणजे ७ के. तो ७ के च्या सोर्ससाठी जन्मलेला आहे, आपण त्याला ४१७ ला बांधतो. एडी७९७ या भारी ऑपॅम्पचा हाच भागाकार ०.९ आणि २, म्हणजे ४५०. जणू याच कामासाठी केलाय! १० के वर उणे ९८ येतो, आणि आता रेझिस्टर वरचढ असल्यामुळे २.२ के केल्यावर थेट उणे १०३. म्हणजे भारी ऑपॅम्प आणि लहान रेझिस्टर जोडीनेच लावायचे. मात्र एडी७९७ लांब बसच्या कपॅसिटन्सवर ऑसिलेट होऊ शकतो, स्कोप लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

नवशिक्या
पॅसिव्ह समिंगमध्ये ऑपॅम्पच नसतो, मग नॉइज नाहीच असं वाचलं होतं. ते?

वर्गमूळ
@नवशिक्या, नुसत्या रेझिस्टरांत प्रत्येक सिग्नल २४ पट लहान होतो. तो परत वर आणायला २४ गेनचा ॲम्प लागतोच, आणि त्याचा नॉइजही २४ पट. व्हर्च्युअल अर्थमध्ये, म्हणजे वरच्या ऑपॅम्पच्या समिंगमध्ये, २५. फरक जवळपास शून्य, वर चॅनेल एकमेकांत मिसळण्याची कटकट.

तांब्याची तार
इतका वेळ नॅनोव्होल्ट चाललेत, पण ग्राउंडचं कोणीच काढलं नाही. माझ्या पहिल्या मिक्सरमध्ये हिस (सूं आवाज) जवळपास नव्हताच, हम (घुमणारी गुणगुण) मात्र भरपूर. ऑपॅम्प तीनदा बदलले, काही फरक नाही.

कारण सरळ होतं. चॅनेलांच्या ग्राउंडमध्ये आणि समिंग ॲम्पच्या ग्राउंडमध्ये फक्त १० मायक्रोव्होल्ट फरक असला तरी तो २४ रेझिस्टरांतून एकदमच येतो: २४० मायक्रोव्होल्ट, उणे ७० डीबीयू. तुमचे ५५३२ आणि ७९७ दोन्ही त्याखाली गाडले गेले.

उपाय असा. ऑपॅम्पची धन इनपुट ॲम्पपाशी ग्राउंड करू नका. प्रत्येक चॅनेलच्या ग्राउंडवरून १०० ओहम घेऊन सगळे तिथे जोडा. त्या टोकाला ग्राउंडांची सरासरी मिळते, आणि आउटपुटला २४ पट ऐवजी तो फरक एकदाच दिसतो. २४ समांतर १०० ओहम म्हणजे जेमतेम ४ ओहम, नॉइजच्या हिशोबात धरायचंही कारण नाही.

ऋणबिंदू
हे मी आजवर केलेलं नव्हतं, सरळ जवळच्या ग्राउंडला टेकवत आलो. तरी माझं म्हणणं सोडत नाही: महाग चिप नसतानाही बरंच कमावता येतं. ६-६ चॅनेलांचे ४ गट, प्रत्येकाचा समिंग ॲम्प, मग चारांचा एक. गटात नॉइज गेन ७, शेवटी ५. २.२ के वर सगळीकडे ५५३२ च लावून उणे ९६.५ मिळतो, सलग एकाच बसपेक्षा ४ डीबी कमी. आणि दोनदा उलटल्यामुळे फेजही सरळ.

शांतबस
@ऋणबिंदू, ही मांडणी मला आवडली. ॲम्प चार वाढले तरी ५५३२ दुहेरी असल्याने चिप फार लागत नाहीत. फक्त ऑक्स बसचंही (मॉनिटर किंवा इफेक्टला सिग्नल पाठवणारी बस) असंच करावं लागेल, तिथेही २४ च रेझिस्टर आहेत आणि बहुतेक सेंड बंदच असतात.

तांब्याची तार
@ऋणबिंदू, मग आता धन इनपुट पाच झाल्या. गटांच्या चार, त्या आपापल्या ६ चॅनेलांच्या सरासरीवर. पाचवी चार गटांच्या ग्राउंडवर, चॅनेलांच्या नाही. बोर्ड आखायच्या आधी हे कागदावर काढा, नंतर ट्रॅक कापत बसावं लागतं.